दप्तर आणि ड्रॉइंग बोर्ड

माझ्या मुलीने आठवीत रेखाकला परीक्षेचा अर्ज भरला, त्या दिवसापासून ती नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयाच्या वर्गात जाऊन बसली त्या दिवसापर्यंत पाच वर्षे गेली. या पाच वर्षांत आमच्या घरात दोन शाळा चालत होत्या, एक दप्तराची आणि एक ड्रॉइंग बोर्डाची, आणि या दोन शाळांना एकमेकींची ओळख नव्हती. ज्यांची मुले आज सातवी-आठवीत आहेत आणि वहीच्या मागच्या पानांवर सतत काहीतरी काढत असतात, त्या पालकांना पुढची वाट आधीच माहीत असावी, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मला ती माहीत नव्हती, आणि त्या अज्ञानाची किंमत मुलीच्या झोपेतून आणि प्रकृतीतून गेली.

आम्ही नागपुरात महाल भागात राहतो. यजमानांचे शिवणकामाचे छोटे दुकान आहे आणि मी एका कार्यालयात लिपिक आहे. घरात यापूर्वी कोणी चित्रकार झालेले नाही. मुलीची शाळा अनुदानित, मराठी माध्यमाची. शाळेत कलाशिक्षक एकच, पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सगळ्या तुकड्यांना मिळून. आठवड्यात चित्रकलेच्या दोन तासिका वेळापत्रकात होत्या. पण गणिताचा अभ्यासक्रम मागे राहिला की त्यातली एक गणिताकडे जाई आणि परीक्षा जवळ आल्या की दुसरीही जाई. सरांची त्याबद्दल तक्रार नसे, कारण तक्रार करून उपयोग नाही हे त्यांना ठाऊक होते. तरीही दरवर्षी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांचे अर्ज ते स्वतः वर्गावर्गांत फिरून भरून घेत. मुलीचा अर्ज त्यांनीच भरला. आम्ही फक्त सही केली.

या दोन्ही परीक्षा राज्याचे कला संचालनालय घेते. एलिमेंटरीला वस्तुचित्र (समोरच्या वस्तूंचे), स्मरणचित्र (आठवणीतून काढायचे), संकल्पचित्र (नक्षीच्या रचनेचे) आणि भूमिती-अक्षरलेखन असे पेपर असतात. इंटरमिजिएटला त्यांचीच पुढची पायरी असते. वस्तुचित्राचे स्थिरचित्र, म्हणजे कापडापुढे मांडलेल्या वस्तूंच्या समूहाचे चित्र, होते आणि भूमितीत घनाकृती येतात. निकाल ए, बी, सी अशा श्रेणींत लागतो. इंटरमिजिएटच्या श्रेणीचे वाढीव गुण दहावीच्या निकालात मिळतात, ए श्रेणीला 7, बी श्रेणीला 5 आणि सी श्रेणीला 3, आणि बहुतेक पालकांचा या परीक्षांशी संबंध येतो तो या गुणांपुरताच. माझाही तसाच आला होता. सात गुण म्हणजे टक्केवारीत दीड टक्क्याच्या जवळपास भर, एवढाच हिशेब मी पहिल्यांदा केला, आणि आज ते लिहिताना मला वाईट वाटते.

शाळेत तयारी होणे शक्य नव्हते, म्हणून सरांच्याच सांगण्यावरून आम्ही तिला एका निवृत्त कलाशिक्षकांच्या घरच्या वर्गाला घातले. महिना 900 रुपये. सकाळी सात ते नऊ, आठवड्यातून चार दिवस. शाळा अकराची. त्या वर्गात पहिले दोन महिने तिला रंगाला हात लावू दिला नाही. पाटावर एक पितळी लोटा, एक वांगे आणि मागे एक सुती कापड, एवढेच मांडलेले असे. लोट्याचे तोंड ती बदामासारखे दोन्ही बाजूंनी टोकदार काढी आणि बूड सरळ रेघ ओढून संपवी. गुरुजींनी (आम्ही सगळे त्यांना गुरुजीच म्हणत असू) लोट्यात काठोकाठ पाणी भरले, तो उचलून तिच्या डोळ्यांच्या पातळीला धरला आणि विचारले, "आता तोंडाचा गोल दिसतो काय?" दिसत नव्हता, नुसती एक आडवी रेघ दिसत होती. मग त्यांनी लोटा हळूहळू खाली नेला. रेघ उघडत गेली, तिचे लंबवर्तुळ झाले आणि लोटा जमिनीवर टेकला तेव्हा ते चांगले रुंद दिसू लागले. "म्हणजे तोंडापेक्षा बूड डोळ्यापासून खाली, म्हणून बुडाचा गोल अधिक उघडा. सरळ रेघ कशी येईल?" एवढेच बोलून ते आत निघून गेले. मुलीने त्या दिवशी घरी आल्यावर वाट्या, पातेली, पाण्याचा माठ, सगळे वरखाली करून पाहिले. रात्री जेवताना ती ताटाकडे बघत होती, जेवणाकडे नव्हे.

कापडाची शिकवणी मात्र घरातूनच मिळाली. स्थिरचित्रातल्या मागच्या कापडाच्या चुण्या तिला जमत नव्हत्या; सगळ्या सारख्या अंतरावर, पडद्याच्या झालरीसारख्या येत. तिच्या वडिलांनी एके दिवशी ते चित्र पाहिले आणि दुकानातून सुती, टेरिकॉट आणि रेशमी अशी तीन कापडे आणून खुर्चीच्या पाठीवर टाकली. त्यांनी तिला हात लावून दाखवले की कापड कुठे टांगलेले आहे तिथून चुण्या निघतात, खाली वजनाने पसरतात, सुती कापडाची घडी मोडल्यासारखी कोन करून पडते आणि रेशमाची गोल वळते. माणसाने तीस वर्षे कापडात काढली, पण आपल्याला जे कळते ते चित्रकलेच्या कामाचे आहे हे त्यांनाही त्या दिवशीच कळले असावे. त्यानंतर ते तिच्या चित्रांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले, आणि पुढे निर्णयाची वेळ आली तेव्हा त्याचा उपयोग झाला.

स्मरणचित्राविषयी मला स्पष्टपणे लिहायचे आहे, कारण मुलांचे सर्वांत अधिक नुकसान तिथे होते असे माझे मत झाले आहे. अनेक शिकवण्यांमध्ये मुलांकडून चार-पाच ठरलेली चित्रे घोटून घेतली जातात. बाजार, बाग, बसस्टॉप, सण. विषय काही आला तरी तीच झाडे, तीच पाठमोरी बाई, तोच फुगेवाला. श्रेणी मिळते, पण मूल डोळे बंद करून शिकते. गुरुजींना याचा मनस्वी राग होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात तान्हा पोळा असतो, मुले लाकडी बैल सजवून बाहेर काढतात, आणि त्याच दिवशी मारबतीची, म्हणजे रोगराई आणि अनिष्ट दूर जावे म्हणून केलेल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी 1885 पासून निघते असे सांगतात. गुरुजींनी वर्गातल्या मुलांना सांगितले की मिरवणुकीला जा, पण कागद नेऊ नका, फोटो काढू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी कागद दिले आणि जे आठवते तेच काढायला सांगितले.

माझ्या मुलीने मारबतीचा पुतळा मधोमध मोठा काढला, भोवती गर्दीची डोकी काढली. तिच्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीने मारबत जवळजवळ काढलीच नाही. तिने एका गच्चीचा कठडा काढला, त्यावरून वाकून पाहणाऱ्या तीन बायका, त्यांतल्या एकीच्या कडेवर झोपलेले मूल, आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यात पुतळ्याचा फक्त एक वर उचललेला हात. गुरुजी त्या चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले. त्या मुलीचे वडील ऑटो चालवत. ती एका वर्षानंतर वर्गाला येईनाशी झाली; त्याबद्दल पुढे लिहिते.

एलिमेंटरीला मुलीला बी श्रेणी मिळाली आणि पुढच्या वर्षी इंटरमिजिएटला ए. दहावीच्या वर्षी वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मंडळाकडे जावा लागतो. तो आपोआप जात नाही, हे पालकांनी लक्षात ठेवावे. प्रमाणपत्राची प्रत वेळेवर शाळेत द्यावी, ती दिल्याची नोंद करून घ्यावी आणि प्रस्ताव गेला की नाही हे कार्यालयात जाऊन विचारावे. आमच्या वेळी प्रमाणपत्र शाळेच्या कपाटात पडून राहिले होते आणि मुदत संपायला दोन दिवस उरले असताना मी सहज चौकशी केली म्हणून ते सापडले. मी स्वतः कार्यालयात काम करते, त्यामुळे कागद कुठे अडकतो याचा मला अंदाज असतो. ज्यांना तो नाही त्यांच्या मुलांचे गुण असेच कपाटात राहत असतील.

दहावीनंतर दोन रस्ते होते. दहावी झाल्यावर एक वर्षाचा मूलभूत अभ्यासक्रम करून कलेच्या पदविकेकडे जाता येते, किंवा बारावी करून सामाईक प्रवेश परीक्षा देऊन बीएफए (बॅचलर ऑफ फाइन आर्ट्स) या चार वर्षांच्या पदवीला जाता येते. आम्ही दुसरा रस्ता धरला, कारण पदवी असावी असे तिच्या वडिलांचे म्हणणे होते आणि मलाही ते पटले. बारावीच्या विषयांच्या यादीत चित्रकलेशी संबंधित विषय आहेत, पण ते शिकवणारे कनिष्ठ महाविद्यालय आम्हाला सोयीच्या अंतरावर मिळाले नाही. तेव्हा तिने नेहमीचे विषय घेऊन कला शाखेत प्रवेश घेतला. नाव कला शाखा. पण तिथे पेन्सिल धरण्याचा प्रसंग दोन वर्षांत एकदाही आला नाही.

ही दोन वर्षे सर्वांत कठीण गेली. पहाटे साडेपाचला उठून घरी रेखाटन, सात ते नऊ गुरुजींचा वर्ग, साडेदहाला कनिष्ठ महाविद्यालय, सायंकाळी पाचला घरी आणि त्यानंतर इतिहास-राज्यशास्त्राचा अभ्यास. रविवारी पाठीवर बोर्ड लावून ती बाहेर पडे. अजब बंगल्यात, म्हणजे 1863 मध्ये सुरू झालेल्या आपल्या मध्यवर्ती संग्रहालयात, ती दगडी मूर्तींसमोर बसून काढत राही. कॉटन मार्केटमध्ये भाजीच्या ढिगांमागे बसलेल्या माणसांची झटपट रेखाचित्रे करी, कारण तिथे माणूस दोन मिनिटांपेक्षा जास्त एका बसणीत राहत नाही. बारावीच्या पहिल्या सत्रात तिचे वजन कमी झाले, डोके दुखू लागले आणि डॉक्टरांनी झोप वाढवायला सांगितले. झोप कुठून वाढवायची? मी महाविद्यालयात जाऊन विनंती केली की शेवटची तासिका आठवड्यातून दोन दिवस तरी सोडून द्यावी, म्हणजे ती उजेड असताना काम करू शकेल. पर्यवेक्षकांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, "मॅडम, खेळाडू असती तर पत्र आणता आले असते. चित्रकलेसाठी अशी तरतूद नाही जी." ते खोटे बोलत नव्हते. तरतूद नव्हतीच.

त्याच सुमारास मी माहिती काढू लागले की मुलांना अभ्यास आणि कला एकाच छताखाली, सरकारी खर्चाने कुठे शिकता येते. अशा शाळा आहेत. केरळमध्ये 1930 मध्ये स्थापन झालेल्या कलामंडलममध्ये आठवीपासून मुले कथकळी नृत्यनाट्य, चेंडा, मृदंगम ही तालवाद्ये अशी कला शिकतात आणि त्याबरोबर भाषा, गणित, विज्ञानही शिकतात. त्यांच्यासाठी राज्याची स्वतंत्र कला शालान्त परीक्षा आहे. पहाटेचा रियाज तिथे अभ्यासक्रमाचाच भाग आहे. न्यूयॉर्कमध्ये महापौर ला गार्डिया यांच्या पुढाकाराने 1936 मध्ये संगीत आणि चित्रकलेचे सार्वजनिक हायस्कूल सुरू झाले. आज त्यांच्याच नावाने चालणाऱ्या त्या शाळेत चित्रकला, नृत्य, नाट्य, गायन, वाद्यसंगीत यांसाठी मुलांचे काम पाहून प्रवेश देतात, फी घेत नाहीत, आणि इतर विषयांच्या तासिकांबरोबर कलेच्या तासिका रोजच्या वेळापत्रकात असतात. हे वाचताना माझे लक्ष तिथल्या इमारतींकडे किंवा प्रसिद्ध विद्यार्थ्यांकडे गेले नाही. माझे लक्ष "रोजच्या वेळापत्रकात" या शब्दांवर थांबले. आपल्याकडे परीक्षा आहे, श्रेणी आहे, वाढीव गुण आहेत, पुढे शासकीय महाविद्यालयही आहे. मधल्या पाच वर्षांत मुलाने हे सगळे शिकायचे कधी, याचे उत्तर मात्र प्रत्येक कुटुंबाने आपापल्या पैशाने आणि मुलाच्या झोपेतून काढायचे आहे.

ज्यांच्याकडे तेवढे नसते त्यांचे काय होते ते मी त्या मैत्रिणीच्या बाबतीत पाहिले. इंटरमिजिएटनंतर तिच्या घरी 900 रुपये देणे जमेना. गुरुजींनी फी नको म्हणून निरोप पाठवला. पण अडचण फक्त फीची नव्हती. सकाळी सात ते नऊ ही वेळ तिच्या आईच्या धुण्याभांड्यांच्या कामांची होती आणि त्या वेळात धाकट्या भावाचा डबा, पाणी, त्याला शाळेत सोडणे हे तिच्याकडे होते. शाळेच्या वेळात ती चित्र काढू शकली असती. शाळेत तर तिला घरच्यांनी बिनतक्रार पाठवलेच असते, कारण शाळेत जाणे हे काम समजले जाते आणि वर्गाला जाणे हौस. मी तिच्या आईला भेटायला गेले होते. त्या म्हणाल्या, "ताई, पोरगी चांगली काढते हे मले समजते. पण सकाळचं घर कोण पाहील?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती आता एका दुकानात हिशेब लिहिते. गच्चीवरच्या तीन बायकांचे ते चित्र गुरुजींनी अजून जपून ठेवले आहे.

माझ्या मुलीला या काळात आणखी एक शाळा मिळाली, ती म्हणजे चितारओळ. आमच्या घरापासून ती पायी अंतरावर आहे. पिढ्यान्पिढ्या मूर्ती घडवणारी कुटुंबे तिथे राहतात आणि गणपतीच्या आधी दोन-तीन महिने ती सगळी ओळ मातीच्या वासाने भरलेली असते. अकरावीच्या पावसाळ्यात ती तिथल्या एका काकांकडे जाऊन बसू लागली. आधी त्यांनी तिला फक्त माती मळायला दिली, मग बोटांनी सांधे गुळगुळीत करायला. डोळे ते स्वतःच आखत. तिने घरी येऊन मला त्याचे वर्णन केले, ते मी विसरले नाही. काका पाय दुमडून मूर्तीसमोर बसत, डावा हात उजव्या मनगटाखाली टेकू म्हणून धरत, श्वास सोडून थांबत आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढत. ती रेघ मध्ये तुटली तर पुसत नसत. तो भाग पुन्हा रंगवून, वाळवून, मग दुसऱ्या दिवशी आखत. दुसऱ्या वर्षी त्यांनी एका लहान मूर्तीचे डोळे तिच्याकडून आखून घेतले. तिचा हात थरथरत होता. ते म्हणाले, "पोरी, हातानं नको काढू, श्वासानं काढ." प्रवेश परीक्षेत संकल्पचित्राच्या बारीक रेघा ओढताना तिला हेच आठवले असे ती सांगते.

प्रवेश परीक्षेच्या तांत्रिक भागावर फार लिहीत नाही, कारण दरवर्षी माहितीपुस्तिका निघते आणि ती नीट वाचणे हाच खरा उपाय आहे. राज्याच्या सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत ती होते. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र यांची प्रात्यक्षिके असतात आणि कलाविषयक सामान्य ज्ञानाचा पेपर असतो. म्हणजे आठवीत एलिमेंटरीला जे सुरू होते तेच पुढे इथे तपासले जाते. फक्त नजर आणि हात किती तयार झाले आहेत याची अपेक्षा फार वाढलेली असते. दोन गोष्टी मात्र सांगते. अधिवास आणि लागू असल्यास जातीचे दाखले बारावीच्या दिवाळीतच काढून ठेवावेत. निकालानंतर दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात रांग लागते. दुसरी गोष्ट, सामान्य ज्ञानाच्या पेपरसाठी अजिंठा-वेरूळपासून आधुनिक भारतीय चित्रकारांपर्यंतचे वाचन अकरावीपासून थोडे थोडे करावे. मुलीने ते शेवटच्या महिन्यात केले आणि त्या एका पेपरातच तिचे गुण कमी पडले.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दोघे बाहेर एका झाडाखाली बसलो होतो. आजूबाजूला भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली अशा लांबून आलेले पालक होते. एका वडिलांनी सांगितले की त्यांच्या तालुक्यात रंग मिळत नाहीत, मुलासाठी दर दोन महिन्यांनी ते नागपूरला येऊन सीताबर्डीतून रंग आणि कागद नेत असत. त्यांच्या मुलाला शिकवायला कोणी नव्हते; पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या एका माणसाबरोबर तो दोन वर्षे फिरला होता. त्या मुलाचा पुढे प्रवेश झाला की नाही हे मला कळले नाही, पण गुणवत्ता यादी लागली तेव्हा मी मुलीच्या नावाआधी, आडनाव माहीत नसतानाही, त्याचेच नाव शोधत होते.

मुलीचे नाव दुसऱ्या फेरीत लागले. मुंबईचे सर जे.जे. कलाविद्यालय आणि छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) यांबरोबर नागपूरलाही शासकीय कला महाविद्यालय आहे हे आमचे भाग्य. बाहेरगावी ठेवण्याची आमची ऐपत नव्हती.

वर्ग सुरू झाला त्या दिवशी तिच्यासमोर पुन्हा एक स्थिरचित्र मांडले होते. माठ, दोन संत्री, एक कंदील, मागे खाकी कापड. ती सांगत होती की काम सुरू करून बराच वेळ झाल्यावर तिने घड्याळाकडे पाहिले तेव्हा पावणेदहा वाजले होते, आणि तिने सवयीने ब्रश धुतले, क्लिपा काढल्या आणि बोर्ड पिशवीत घालायला घेतला. शेजारच्या मुलीने विचारले, कुठे निघालीस? तेव्हा तिला आठवले की आता दुसरीकडे कुठे जायचे नाही. तिने बोर्ड पुन्हा लावला आणि माठाच्या तोंडाचे लंबवर्तुळ पुसून नव्याने काढायला घेतले.